पिण्याचा प्रश्न

पेंटरबरोबर लातुरात चालायचं म्हणजे दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास धरावा लागायचा. ते पाट्या वाचायचे, आणि मनात नाही, मोठ्यानं. 'शुध्द तुपाची मिठाई' अशी पाटी दिसली की थांबलेच. आतल्या माणसाला हाक मारून म्हणायचे, "शेठ, ध वर द बसवलाव. उलटं झालं की! तूप तरी सुलटं हाय का?" शेठ चिडायचा. पेंटर शांतपणे म्हणायचे, "डबा संगंच हाय. दोन मिनिटात सुलटं करून देतो." कुणी करू द्यायचं, कुणी हाकलून द्यायचं. हाकललं तरी त्यांना राग यायचा नाही. चार पावलं पुढं दुसरी पाटी असायचीच.

साऱ्या गावातले पेंटर रंगानं बरबटलेले असायचे. आमचे पेंटर मात्र पांढरं धोतर, पांढरा शर्ट, आणि त्यावर एक ठिपका नाही. कानावर ब्रश अडकवलेला, तोही पुसून कोरडा. मी एकदा विचारलं, तुम्हाला रंग लागतच कसा नाही? म्हणाले, "रंग भिंतीला लावायचा असतोय. अंगाला लावून घ्यायचे दिवस सरले माझे."

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या बैठकीतल्या माणसाचं नाव बाहेर सांगायचं नसतं, आणि हा नियम त्यांनीच मला घालून दिला. माणूस गेला म्हणून नियम जात नाही.

लातूर तेव्हा नवीन नवीन जिल्हा झाला होता. म्हणजे कागदावर झाला होता, भिंतींवर व्हायचा होता. गावोगावच्या शाळांवर, दवाखान्यांवर, चावड्यांवर जुनंच 'जि. उस्मानाबाद' होतं. ते पुसून 'जि. लातूर' लिहायचं काम निघालं आणि निलंगा तालुक्यातली बरीच गावं पेंटरच्या वाट्याला आली.

मी त्याच नव्या जिल्ह्याचा नवा क्लार्क. देवणीकडच्या खेड्यातला. आजोबांनी धम्म घेतला आणि गावकीची कामं टाकली. बापानं दुष्काळी कामावर खडी फोडली आणि मला बी.ए. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी तेव्हा छाती काढून सांगायचो, आजही सांगतो.

तर नोकरी लागली, खोली घेतली, लग्न झालं, आणि पहिलं काम काय केलं असेल तर दारावर लावायच्या पाटीसाठी पेंटरकडं गेलो. नाव, आडनाव, बी.ए.

"मोठं काय करू?" पेंटरनी विचारलं. "नाव का बीए?"

"दोन्ही मोठं करा."

"फळी एवढीशी हाय. माणसानं काय तरी एकच मोठं ठेवावं."

मी म्हणालो, मग बी.ए. मोठं करा. ते हसले नाहीत, पण त्या दिवसापासून मला रस्त्यात "काय बीए, कुठं जालालास?" अशी हाक सुरू झाली.

त्यांची लिहायची रीत मी तेव्हाच पाहिली. बाकीचे पेंटर दोरा मारून आधी वरची रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. हे आधी अक्षरं काढायचे, बिनडोक्याची, मोकळी. सगळी नीट उभी राहिली की श्वास रोखून एका हातात वरची रेघ. मी म्हटलं, उलटं नाही का हे? म्हणाले, "आधी माणसं उभी राहू दे. छप्पर मग टाकू."

पाटी झकास झाली. पाटीमागचा माणूस मात्र बिघडत चालला.

दारूला मोठं कारण नव्हतं माझ्याकडं. पुष्कळजण कारण सांगतात, मला सांगता येत नाही. नवीन जिल्हा, नवीन ऑफिस, रोज कुणाची तरी बदली, बढती, बारसं. आधी शनिवारी, मग एक दिवसाआड, मग रोज. पुढं पुढं सकाळी हात थरथरायला लागला. जावक रजिस्टरात माझं अक्षर, ज्याचं कौतुक साहेब चारचौघांत करायचे, ते कोंबडीनं उकरल्यासारखं दिसायला लागलं.

बायकोनं दोन वर्षं सोसलं. ती सातवी शिकलेली, पण बोलायला माझ्याहून नेमकी. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी घरी आलो तर ती मुलीला काखेत घेऊन दारात तयार उभी. दोन वर्षांची होती मुलगी. म्हणाली, "पदवी भिंतीवर हाय, ती सांभाळा. आम्ही लोह्याला चाललो." मी सोडतो म्हणालो, आईची शपथ म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्या शपथा मोजून मोजून थकले मी. आता तुम्ही सांगायला येऊ नका आणि तुमची माणसंही पाठवू नका. तुम्हाला जवळून बघणारं, पण तुमचं नसणारं कुणी येऊन खरं सांगितलं, तरच येईन. न्हाईतर न्हाई." आणि अहमदपूरकडच्या गाडीनं माहेरी गेली.

तिचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. माझी दोन माणसं पाठवली, मग तीन. सगळे लोह्याचा पाहुणचार घेऊन परत आले. ती आली नाही.

शेवटी डॉक्टरनं औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून दिलं : 'गुरुवार, सहा वाजता, डाळ मिलच्या मागं. पिणाऱ्यांची बैठक.' तोंडी म्हणाले, गोळ्यांनी होणार नाही, इथं जा.

आता हे शोधायचं कसं? दुष्काळाचं दुसरं वर्ष. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय. मी डाळ मिलच्या गल्लीत शिरलो आणि एका पानवाल्याला आवाज खाली करून विचारलं, "पिण्याची बैठक कुठं हाय?" तो ओरडून म्हणाला, "पिण्याच्या पाण्याची? तिकडं तहसीलला! टंचाईची बैठक हाय आज!" दुसऱ्याला विचारलं, "इथं गुरुवारी पिण्याचं काय असतंय?" त्यानं बोट दाखवलं. "ती काय रांग."

रांग बायकांची होती, मिलच्या मागच्या फाटकापासून पार कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं बैठकीचीच रांग असेल, नावं लिहून घेत असतील. इस्त्रीची पँट, आत खोचलेला शर्ट, खिशाला पेन, असा मी शेवटी जाऊन उभा राहिलो. अर्धा तास उभा होतो. पुढच्या म्हातारीनं दोनदा वळून पाहिलं. तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही.

"साहेब, घागर कुठाय तुमची?"

"घागर न्हाई."

"मंग पाणी काय वंजळीत नेणार?"

साऱ्या बायका हसायला लागल्या. मी सांगितलं, मी पाण्याला आलो नाही. म्हातारीनं मला खालून वर पाहिलं. तिच्या लक्षात आलं असणार. आवाज उतरवून म्हणाली, "आत जा लेकरा. पिणारे आत बसत्यात. पाणी न्यायला आलेले भाहेर."

फाटकावर पाटी होती. अक्षर मी ओळखलं. काळ्यावर पांढरं : 'पिण्याचा प्रश्न सुटत नाही? गुरुवारी सायंकाळी सहा. आत या.'

ही पाटी म्हणजे पेंटरची चूक, आणि पुढं तीच त्यांची मोठी करामत ठरली. पाटीवर 'दारू' हा शब्द लिहायला ते तयार नव्हते. म्हणायचे, "दारू लिहिलं की पिणारा थांबतच न्हाई, मान फिरवून जातोय. मी जात होतो तसा." म्हणून डोकं चालवून असं लिहिलं. दुष्काळ आहे, हे पाटी लिहिताना डोक्यात आलं नाही. पहिल्या गुरुवारी दारू सोडायला आली दोन माणसं, आणि घागरी घेऊन आल्या गल्लीतल्या सगळ्या बायका. पेंटर तसेच मिलच्या मालकाकडं गेले. मागच्या गोदामात बसायला जागा त्यानंच दिली होती, आणि अंगणात बोअर होती. त्याला म्हणाले, "शेठ, पाटीवर लिहिलेलं खोटं पडलं तर हात खोटा पडतोय माझा. तासभर मोटार चालू करा." मालक भला. दर गुरुवारी तासभर मोटार चालू झाली.

त्यातून एक गंमत झाली. पिणारी माणसंही हातात घागर घेऊन यायला लागली. दुष्काळात घागर घेतलेल्या माणसाला कुठं चालला म्हणून कुणी विचारत नाही. आत बैठक, निघताना बोअरवर घागर भरायची आणि घरी. गुरुवारी घरात पाणी येतंय म्हटल्यावर बायकाच नवऱ्यांना ढकलून पाठवायच्या.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी दारात पेंटर उभे होते. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही.

"चपला इथं काढ. आडनाव बी इथंच ठेव चपलेशेजारी. आत नुसतं नाव."

हे मला बरं वाटलं. आडनाव सांगितलं की आमच्याकडं पुढचं काही सांगावं लागत नाही, ऐकणाराच सगळं समजून घेतो. पण लगेच म्हणाले, "बीए पण." तेव्हा मात्र राग आला. आडनाव मला जन्मानं मिळालं होतं. बी.ए. मी कमावलं होतं. मी म्हणालो, "ते राहू द्या." ते म्हणाले, "कुणी चोरत न्हाई. जाताना घेऊन जा."

आत पोत्यांवर सात-आठ माणसं. एक ड्रायव्हर, एक शिक्षक, एक अडत्याकडचा हमाल, आणखी असेच. समोर चुन्याची भिंत आणि तिच्यावर गेरूच्या आडव्या रेघाच रेघा. ही पेंटरची हजेरी. आल्या आल्या प्रत्येकानं ब्रश घ्यायचा, गेरूत बुडवायचा आणि हातभर रेघ ओढायची. खाली नाव नाही, काही नाही. बऱ्याच रेघा वाकड्या, काही मुंगी चालल्यासारख्या, काही मध्येच तुटलेल्या.

मला ते पोरकट वाटलं. शिवाय, खरं सांगतो, मी तयारीनं आलो होतो. माझा थरथरता हात कुणी पाहू नये म्हणून दुपारीच अर्धा ग्लास घेतला होता. ज्याला सवय लागलेली असते त्याचा हात घेतल्यावर स्थिर होतो. मी ब्रश घेतला आणि खाली दोरा धरल्यासारखी रेघ ओढली. मागं वळून पाहिलं, कौतुक होईल म्हणून.

हमाल जमिनीकडं बघत होता. पेंटरनी जवळ येऊन रेघ पाहिली, आणि मला पाटीचं काम दाखवताना बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "कवा घेतलीस?"

"घेतली न्हाई."

"नव्या माणसाची रेघ सरळ येत न्हाई बाबा. ह्या सगळ्या बघ. ह्या वाकड्या हायत त्या सगळ्या खऱ्या. तुझी एकटीची खोटी हाय."

मी उठून जायला निघालो. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला असल्या माणसांसमोर खोटं पाडतात म्हणजे काय! पेंटरनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "येत्या गुरुवारी न घेता ये. थरथरत ये. रेघ आम्ही समजून घेऊ."

तो आठवडा कसा गेला ते लिहीत नाही. डॉक्टर होते, म्हणून निभावलं. पुढच्या गुरुवारी मी ओढलेली रेघ रेघ म्हणण्यासारखी नव्हती. ब्रश दोनदा हातातून पडला. पेंटरनी ती लांबून पाहिली, मग जवळून पाहिली आणि म्हणाले, "बसा." मला ते आयुष्यात पहिल्यांदाच 'बसा' म्हणाले होते.

घागर न्यायला मात्र मी तयार नव्हतो. एकदा निघताना त्यांनी हातात घागर दिली, मी खाली ठेवली. म्हणालो, "पेंटर, माझी आई गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणी दया येऊन वरून ओतलं तर तिची घागर भरायची. बी.ए. होऊन मी पुन्हा घागर घेऊन उभा राहणार न्हाई." पेंटर बोअरजवळ गेले, बाजूला झाले आणि म्हणाले, "हितं वरून ओतणारं कुणी न्हाई. तोटीला हात लाव आन भरून घे. उरलं तर मला दे." मी तोटी धरली. घागर भरून, खांद्यावर घेऊन, इस्त्रीच्या शर्टावर पाणी सांडत भर रस्त्यानं घरी गेलो. पाणी वापरायला घरात मी एकटाच होतो. शेजारच्या खोलीत दिलं.

स्वतःची गोष्ट पेंटर वर्षातून दोन-तीनदा सांगायचे, आणि नेहमी हसवून सांगायचे. पाट्यांचं काम जोरात असताना निलंग्याकडच्या आपल्याच गावच्या शाळेवर गेले. सकाळपासून टाकलेली. दुपारी पाहुणे यायचे होते. पेंटरनी जुनं 'जि. उस्मानाबाद' चुन्यानं स्वच्छ पुसलं, शिडीवर चढले आणि वीस वर्षांच्या सवयीनं ताज्या काळ्या रंगात, देखण्या अक्षरात पुन्हा लिहिलं : 'जि. उस्मानाबाद'. खाली उतरले, लांब जाऊन पाहिलं, खूश झाले. "एवढं चांगलं उस्मानाबाद मी जन्मात लिहिलं न्हवतं," असं म्हणायचे. पोतं पोतं हसायचं. मग ते आवाज न बदलता पुढचं सांगायचे. हेडमास्तरांनी घाईनं पोरांना ओल्या चिंध्या देऊन पुसायला लावलं. पोरं हसत होती. त्यात पेंटरची मुलगी होती, त्याच शाळेत चौथीला. ती हसत नव्हती. सगळ्यांत जोरात तीच पुसत होती.

एवढं सांगून ते म्हणायचे, "चला. पुढचा बोला."

एका शब्दाचा त्यांना फार तिटकारा होता. 'वायदा'. कुणी बैठकीत उठून "मी वायदा करतो" म्हणालं की हात वर करायचे. "फिजूल बोलू नको. वायदा केला की माणूस वायद्यावर टेकून झोपतोय." स्वतः ते कशाचाच शब्द द्यायचे नाहीत. पाटी कधी होईल विचारलं तर म्हणायचे, "झाली की कळंल."

इथंच माझी पंचाईत होती. वर्ष होत आलं. हात स्थिर झाला, रजिस्टरातलं अक्षर परत आलं. पण लोह्याची अट तशीच होती : जवळून बघणारं आणि माझं नसणारं कुणीतरी. असा माणूस जगात एकच होता, आणि तो शब्द द्यायला तयार नव्हता. मी तीनदा विनवलं. तिन्ही वेळा एकच उत्तर. "मी कुणाचा जामीन न्हाई बीए."

मुलगी एव्हाना पुरी वाक्यं बोलायला लागली असेल, हे माझ्या मनातून जायचं नाही. ती काय बोलते ते मला माहीत नव्हतं.

आणि एका सकाळी, ऑफिस उघडायच्या वेळेला, पेंटर पांढऱ्या धोतरात फाटकाशी हजर. "लोह्याची गाडी कवा हाय?"

"तुम्ही येता?"

"तिकडं एक पाटी बघायची हाय."

कुठली पाटी ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी रजेचा अर्ज लिहिला आणि निघालो. सबंध वाटेत ते खिडकीतून गावांच्या पाट्या वाचत होते. माझ्या बाजूनं काय बोलणार, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

सासरे लोह्याला शाळेत शिपाई. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी बाजेवर घोंगडी टाकली, पाणी दिलं. बायको आतल्या दाराशी उभी राहिली. मुलगी तिच्या पदराआडून मला बघत होती. पाहुण्याकडं बघतात तसं.

मामांनी पेंटरना थेट विचारलं, "तुम्ही जवळून बघताव म्हणं. सांगा मंग. सुटलं का ह्यांचं पिणं?"

पेंटर म्हणाले, "न्हाई."

वर्षभर थेंब घेतला नव्हता मी!

"सुटलं म्हणणारे मी लई बघितले," पेंटर पुढं म्हणाले. "मी सोता दहादा म्हणलो. ह्यानं आज घेतली न्हाई, हे मी बघितलंय, सकाळधरनं संगं हाय. मागच्या गुरुवारी घेतली न्हवती, त्येच्या मागच्या गुरुवारी न्हवती. तेवढंच मी सांगू शकतो. उद्याचं मला ठाऊक न्हाई. ह्याला बी ठाऊक न्हाई. ह्यो सांगाय लागला तर ऐकू नका."

मामा चिडले. "अहो मंग एवढ्या लांब आलाव कशाला?"

"विचारलं तर खरं सांगायला."

मी माझ्या पायांकडं बघत होतो. मग आतल्या दारातून आवाज आला.

"बाबा, आजवर पाच माणसं आली. पाचही जणांनी ह्यांच्या जन्माची हमी घेतली. ह्या माणसानं एका दिवसाची बी घेतली न्हाई." ती थांबली. "मी जाते."

मामा म्हणाले, "विचार कर."

"केला. मी बी आजच्यापुरतीच चाललेय. उद्याचं मी बी सांगत न्हाई." आणि माझ्याकडं न बघता पेंटरना म्हणाली, "चालंल का?"

पेंटरनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी बाजेवरून उठून मामांच्या दारावर खडूनं लिहिलेला घर नंबर वाचायला घेतला.

ती दोन साड्या आणि मुलीचे कपडे पिशवीत घालून निघाली. लग्नातली ट्रंक तिनं माहेरीच ठेवली. परतीच्या गाडीत मुलगी पेंटरच्या मांडीवर बसली होती, माझ्या नाही. मी तक्रार केली नाही.

दुष्काळ सरला, मोटार बंद झाली, गल्लीतली रांग संपली. बैठक राहिली. पेंटर त्यानंतर बरीच वर्षं होते, आणि शेवटी दवाखान्यात झोपूनही समोरच्या भिंतीवरचं 'शांतता राखा' ठीक लिहिलंय की नाही, यावर नर्सबाईंशी वाद घालत होते.

ट्रंक लोह्यालाच होती. दर दिवाळीला बायको माहेरी जायची आणि तिच्यातून एक-दोन वस्तू घेऊन यायची. कधी पातेलं, कधी शाल. ट्रंक कधी आणणार, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नव्हता, एवढी अक्कल मला बी.ए.नं नाही, पेंटरनी दिली.

मुलगी पाचवीत गेली त्या वर्षी एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर खाटेखाली ट्रंक. मी चपला न काढताच बघत उभा राहिलो.

बायको आतून म्हणाली, "बघलालाव काय? एक बाजू धरा. कोपऱ्यात सरकवायची हाय, मला एकटीला उचलत न्हाई."